टीवायला प्रोटीन प्युरिफिकेशन नीट कसं शिकवायचं? एकच प्रोटीन घेऊन पूर्ण सेमिस्टर चालवायचंय

फोंडा_बायोकेम

नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यात टीवायबीएस्सीला बायोकेमिस्ट्री शिकवते आणि या सेमिस्टरला प्युरिफिकेशनची प्रॅक्टिकलं माझ्याकडे आलीयत. आत्तापर्यंत काय चालायचं तर एका आठवड्याला ब्रॅडफर्ड (प्रोटीन किती ते रंगावरून मोजायची चाचणी), पुढच्या आठवड्याला लाळेतलं अमायलेज, मग अमोनियम सल्फेट घालून कसलातरी साका पाडायचा आणि शेवटी बाटलीतल्या बीएसएचं (विकतचं शुद्ध प्रोटीन) जेल लावायचं. सगळं सुटं सुटं. मुलांना प्रत्येक टेक्निकची व्याख्या येते, पण एकच प्रोटीन सुरुवातीच्या रसापासून जेलवरच्या पट्ट्यापर्यंत त्यांनी स्वतः कधी नेलेलं नसतं. त्यामुळे व्हायव्हाला "स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी का वाढली?" (म्हणजे दर मिलिग्रॅम प्रोटीनमागे एन्झाइमचे युनिट) विचारलं की "प्युअर झालं म्हणून" एवढंच उत्तर येतं आणि "मग यील्ड का कमी झालं?" (सुरुवातीच्या युनिटपैकी किती हाती उरले) विचारलं की गप्प. टेबल जर्नलात असतं, पण ते सीनियरच्या जर्नलातून उतरलेलं असतं हे आपल्या सगळ्यांनाच माहितीय.

मला सहा-सात आठवडे एकाच प्रोटीनवर घालवायचेत. आठवड्याला एक प्रॅक्टिकल, तेही जेमतेम अडीच तास. कोल्ड रूम नाही, एफपीएलसी (कॉलम आपोआप चालवणारं यंत्र) तर नाहीच. साधा व्हिजिबल स्पेक्ट्रो आहे, एक छोटा मायक्रोफ्यूज आहे, मोठा सेंट्रिफ्यूज आहे पण तो हळू फिरतो, फ्रीज आहे, उभ्या जेलचं एक युनिट आहे. पावसात लाईट जाते ते वेगळंच. कुठलं प्रोटीन घेऊ? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलं नुसती रेसिपी फॉलो न करता विचार करतील असं काय करू? ज्यांनी प्रत्यक्ष शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

डिचोलीकर

मॅडम, मुळा घ्या. खरंच. मुळ्यातलं पेरॉक्सिडेज. बाजारात बारा महिने मिळतो, स्वस्त आहे आणि हे एन्झाइम इतकं टणक आहे की कोल्ड रूम नसली तरी चालतं. अ‍ॅसे (अ‍ॅक्टिव्हिटी मोजायची चाचणी) ग्वायकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने करायचा, 470 नॅनोमीटरला वाचायचा, नारिंगी-तपकिरी रंग डोळ्यांसमोर चढतो त्यामुळे ज्या ट्यूबमध्ये एन्झाइम आहे ती स्पेक्ट्रोत ठेवायच्या आधीच मुलांना कळते. अडीच तासांच्या प्रॅक्टिकलला ही गोष्ट फार मोलाची, कारण अ‍ॅसे दोन मिनिटांचा असेल तरच मुलं वीस फ्रॅक्शन (कॉलममधून एकेका ट्यूबमध्ये गोळा केलेले भाग) तपासतात, नाहीतर दोन तपासून बाकीचे अंदाजाने लिहितात.

रस काढताना मुळा किसून थंड फॉस्फेट बफरमध्ये मिक्सरला थांबून थांबून फिरवा, एकदम खूप वेळ फिरवला की फेस येतो आणि फेसात प्रोटीन मरतं. मलमलीतून गाळा, फिरवा, झालं. बर्फ लागेल, तो मासळी बाजाराला बर्फ पुरवणाऱ्या फॅक्टरीतून आणा, फ्रीजच्या ट्रेमधला पुरत नाही. फक्त तो बाहेरून गार ठेवायलाच वापरायचा, नमुन्यात जाता कामा नये.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो, विचार कसा करायला लावायचा. अमोनियम सल्फेटच्या दिवशी मी मुलांना "30 ते 80 टक्क्यांचा कट घ्या" (30 टक्के संपृक्ततेला बसलेलं सोडून 80 पर्यंत बसलेलं घ्या) असं सांगत नाही. बॅच गटांत वाटतो, एक गट 30 टक्के, दुसरा 40, तिसरा 50, असं 80 पर्यंत. प्रत्येक गटाने आपल्या साठ्यातून थोडा रस घ्यायचा, आपल्या टक्क्याला साका पाडायचा, मायक्रोफ्यूजमध्ये फिरवायचा (म्हणून म्हणतो लहान प्रमाणावर करा, तुमचा हळू फिरणारा सेंट्रिफ्यूज हा साका नीट बसवणार नाही) आणि वर राहिलेल्या पाण्यात प्रोटीन किती, अ‍ॅक्टिव्हिटी किती ते मोजायचं. मग फळ्यावर सगळ्यांचे बिंदू एकाच ग्राफवर. एका गटाच्या एका बिंदूला काहीच अर्थ नसतो, पण सगळे मिळून जो वक्र तयार होतो त्यात दिसतं की बरंचसं इतर प्रोटीन आधी खाली बसतंय आणि पेरॉक्सिडेज हट्टाने बराच वेळ वरच राहतंय. त्या ग्राफवरून वर्गाने ठरवायचं, खालचा कट कुठे आणि वरचा कुठे. मी नाही ठरवत. वाद होतात, कोणी म्हणतं यील्ड वाचवूया, कोणी म्हणतं शुद्धता वाढवूया, आणि तुम्हाला व्हायव्हाला जे उत्तर हवंय ते त्या वादातच तयार होतं.

मीठ घालताना तक्ता कुठल्या तापमानाचा आहे ते त्यांना बघायला लावा. शून्यापासून 50 टक्क्यांवर जायला 25 अंशाला लिटरमागे 313 ग्रॅम लागतात, 0 अंशाला 291. बर्फात काम करून 25 चा तक्ता वापरणारे आणि त्याच्या उलट करणारे दोन्ही सापडतात. आणि आपल्या दमट हवेत अमोनियम सल्फेटचे खडे होतात, आधी ओव्हनमध्ये सुकवून खलात बारीक करून ठेवा, नाहीतर खडा जिथे पडतो तिथे मीठ एकदम वाढतं आणि नको ते खाली बसतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम, तो मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो: काहीही फेकायचं नाही. वरचं पाणी, कॉलमचं वॉश, सगळं लेबल लावून फ्रीजमध्ये. अ‍ॅक्टिव्हिटी हरवली की ती कुठे गेली हे शोधता आलं पाहिजे, आणि सिंकमध्ये ओतलेल्या गोष्टीत काहीच शोधता येत नाही.

दोन आठवड्यांच्या मध्ये थांबायचं असेल तर अमोनियम सल्फेटचा साका ही उत्तम जागा. त्या अवस्थेत बहुतेक प्रोटीनं फ्रीजमध्ये आरामात टिकतात. चवथीच्या सुट्टीत सुद्धा मी तशीच ठेवतो.

मडगाव_लॅब

डिचोलीकर सरांशी बऱ्याच बाबतीत सहमत पण प्रोटीनबाबत नाही. पहिल्यांदा शिकवताय तर अंड्यातलं लायसोझाइम घ्या. पेरॉक्सिडेजची अडचण अशी की मुळ्यात त्याची एक नाही तर बरीच रूपं असतात, कॉलमवर काही चिकटतात, काही सरळ निघून जातात, जेलवर प्रोटीनला जोडलेल्या साखरेमुळे पट्टा पसरट दिसतो. ज्याला आधीच काही कळत नाहीय त्या मुलासाठी हा गोंधळ जास्तच होतो.

लायसोझाइमचं सगळं गणित स्वच्छ आहे. आकार 14.3 किलोडाल्टन, आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनचा एकूण चार्ज शून्य) 11 च्या जवळ. अंड्यातलं मुख्य प्रोटीन ओव्हाल्ब्युमिन, 45 किलोडाल्टन आणि पॉइंट साधारण 4.5. आता मुलांना एवढेच आकडे द्या आणि विचारा, पीएच 8 ला कोण पॉझिटिव्ह, कोण निगेटिव्ह? कुठला कॉलम घ्याल? बफर बनवायच्या आधी त्यांनी कागदावर लिहून द्यायचं, मगच पावडर हातात घ्यायची. सीएम-सेल्युलोज (निगेटिव्ह चार्जचं, पॉझिटिव्ह प्रोटीन पकडणारं) भरा, 10 मिलीच्या सिरिंजमध्ये खाली ग्लास वूल घालून मस्त कॉलम होतो, ओव्हाल्ब्युमिन सरळ खाली येतं, लायसोझाइम अडकून राहतं, मग अर्धा मोलर मीठ घातलं की सुटतं. एका अंड्याच्या पांढऱ्यात साधारण 100 मिलिग्रॅम लायसोझाइम असतं त्यामुळे कमी पडायचा प्रश्नच नाही. जेलवर तर विद्यार्थ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, क्रूडमध्ये 45 चा जाड पट्टा आणि शेवटच्या लेनमध्ये तो गायब होऊन खाली 14 ला एकटाच पट्टा.

अ‍ॅसेला मायक्रोकॉकस जिवाणूच्या पेशी लागतात, गढूळ द्रव 450 ला स्वच्छ होत जाताना वाचायचा. सुकवलेल्या पेशी विकत घेणं महाग वाटलं तर मायक्रोबायोलॉजीच्या विभागाला सांगा, ते वाढवून धुऊन देतील. शोध फ्लेमिंगचा, 1922 चा पेपर, पेनिसिलिनच्या आधीचा, हे सांगितलं की मुलं लक्ष देऊन ऐकतात.

एक मात्र आहे, श्रावणात काही मुलं अंड्याला हात लावत नाहीत. त्यांना जबरदस्ती करू नका, त्यांचा गट मुळ्याचा ठेवा. तुलनाही होते.

वेर्णा_प्युरिफिकेशन

शिक्षक नाही, कंपनीत प्रोटीनवरच काम करतो, फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो म्हणून लिहितोय. मुळा की अंडं यात मी पडत नाही. आमच्याकडे येणारी मुलं कॉलमची नावं भराभर सांगतात, पण "तुमच्या नमुन्यात 1000 युनिट होते, कॉलमवरून 450 आले, बाकीचे कुठे गेले?" विचारलं की थबकतात. कुठे असू शकतात? फ्लो-थ्रूमध्ये (न चिकटता सरळ खाली आलेलं), वॉशमध्ये, कॉलमवरच अडकून, किंवा मेलेले. चारही तपासता येतात. हा हिशेब ज्याला जमतो त्याला बाकीचं आम्ही महिन्याभरात शिकवतो.

ते टेबल समोर बसून भरायला लावा. उदाहरणादाखल आकडे देतो: क्रूडमध्ये 500 मिलिग्रॅम प्रोटीन, 1000 युनिट, म्हणजे स्पेसिफिक अ‍ॅक्टिव्हिटी 2. सल्फेटनंतर 60 मिलिग्रॅम, 700 युनिट, म्हणजे 11.7, सहापटीच्या आसपास शुद्ध, यील्ड 70 टक्के. कॉलमनंतर 8 मिलिग्रॅम, 450 युनिट, म्हणजे 56, अठ्ठावीसपट, यील्ड 45. आता विचारा, दुसरी पायरी गाळली असती तर? आणखी एक कॉलम लावून यील्ड 20 वर आलं आणि शुद्धता 30 पट झाली तर तो कॉलम लावायचा का? माझं उत्तर नाही, पण मुलाने कारणासकट नाही म्हटलं पाहिजे.

मला विचाराल तर शेवटच्या एका आठवड्यात हिस-टॅग (निकेलला चिकटणारी जोडलेली शेपटी) असलेला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) दाखवा. निकेल कॉलमवर हिरवा पट्टा अडकतो आणि इमिडॅझोल घातल्यावर उतरतो, यूव्ही दिव्याखाली तर काय सांगू. आजकाल रिसर्च लॅबमध्ये बहुतेक ठिकाणी सुरुवात तिथूनच होते, मुलांनी बघितलेलं असावं. पण पहिल्या आठवड्यात नको. टॅगने काम इतकं सोपं होतं की प्रोटीनचा चार्ज, आकार, विद्राव्यता यांचा विचारच करावा लागत नाही, आणि तो विचार शिकवण्यासाठीच तर तुम्ही सहा आठवडे घालवताय. दोन सूचना: इमिडॅझोल स्वतः 280 ला शोषतं त्यामुळे ए280 वर विश्वास ठेवू नका, ब्रॅडफर्ड करा. आणि बफरमध्ये ईडीटीए असेल तर ते कॉलमवरचं निकेलच ओढून नेतं.

म्हापसा_एमएस्सी

सर मॅडम, मी आत्ता एमएस्सीला आहे, विद्यार्थ्याच्या बाजूने सांगते. आम्हाला सगळ्यात जास्त कंटाळा कशाचा यायचा तर काहीच दिसत नसल्याचा. पारदर्शक पाणी कॉलममध्ये ओता, पारदर्शक पाणी खालून घ्या, ट्यूबवर नंबर टाका. म्हणून सुरुवातीला एक दिवस तरी रंगीत काहीतरी करा. जेल फिल्ट्रेशनला ब्लू डेक्स्ट्रान आणि व्हिटॅमिन बी12 एकत्र घालून जी-25 (सच्छिद्र मण्यांचा कॉलम) वरून सोडलं की निळा आधी, लाल नंतर. मोठा रेणू आधी का येतो हे मला पुस्तकातून कधीच पटलं नव्हतं, उलटंच वाटायचं की लहान आधी निसटेल, पण डोळ्यांनी बघितल्यावर मग मणी, मण्यातली भोकं, लहान रेणू आत शिरून रेंगाळणं हे सगळं आपोआप जुळलं.

दुसरं म्हणजे स्पिरुलिनाची पावडर, मेडिकलमध्ये मिळते. फ्रीझ करा, वितळवा, असं दोन-तीनदा बफरमध्ये केलं की निळंशार फायकोसायनिन बाहेर येतं. ए620 भागिले ए280 हा रेशो म्हणजे शुद्धता, 0.7 च्या वर फूड ग्रेड समजतात आणि 4 च्या आसपास गेलं की खूपच शुद्ध. मॅडमकडे यूव्ही स्पेक्ट्रो नाही म्हणताय तर 280 साठी दुसऱ्या कॉलेजची मदत लागेल. एन्झाइम नसल्याने अ‍ॅक्टिव्हिटी नाही, हा तोटा.

आणि प्लीज जर्नल तपासताना रीडिंग त्याच दिवशी सही करून घ्या. आम्हाला माहीत असायचं की शेवटी कोणीच मूळ आकडे बघणार नाही, म्हणून आम्ही ते नीट लिहीतच नसू.

फोंडा_बायोकेम

किती छान उत्तरं, मनापासून आभार. मी मुळा नक्की करतेय, श्रावणाचाही प्रश्न नाही. लायसोझाइमचा एक गट ठेवीन, चार्जचं गणित खरंच स्वच्छ आहे. म्हापसा_एमएस्सी, बी12 चा प्रयोग पहिल्याच आठवड्यात लावतेय, आणि सहीचं म्हणणं अगदी बरोबर.

दोन शंका. एक, काल थोडा मुळा घेऊन घरचा अभ्यास म्हणून करून बघितलं तर सल्फेटनंतर यील्ड 100 च्या वर येतंय. मुलांना काय सांगू? दोन, डायलिसिससाठी (नळीतून मीठ बाहेर काढायला) आमच्याकडे जुनी नळी आहे, 12-14 किलोडाल्टन कट-ऑफची, ती दोन्ही गटांना चालेल का?

डिचोलीकर

यील्ड 100 च्या वर गेलं म्हणजे चूकच असं मुलांना सांगू नका, आणि "इनहिबिटर गेला" हे तयार उत्तरही देऊ नका. दोन्ही तपासायला सांगा.

पहिली शक्यता अ‍ॅसेची. क्रूडमध्ये एन्झाइम जास्त असलं की रंग इतक्या वेगाने चढतो की तुम्ही पहिलं रीडिंग घेईपर्यंत वेग मंदावलेला असतो, म्हणजे क्रूडचे युनिट खऱ्यापेक्षा कमी येतात आणि पुढचं सगळं यील्ड फुगतं. क्रूड दोन वेगवेगळ्या डायल्यूशनला वाचा, मिलीमागे युनिट दोन्हींत सारखे आले तर अ‍ॅसे ठीक, नाही आले तर आणखी पातळ करा. हिशेबही एकदा सगळ्यांसमोर करून दाखवा: टेट्राग्वायकॉलचा (तोच नारिंगी रंग) शोषण गुणांक 26.6 प्रति मिलिमोलर, मिनिटाला 0.266 वाढ म्हणजे 0.01 मिलिमोलर, 3 मिलीच्या क्युव्हेटमध्ये 0.03 मायक्रोमोल, नमुना 0.1 मिली घातला असेल तर मिलीला 0.3 युनिट, आणि तो दहापट पातळ केलेला असेल तर 3. तो शेवटचा दहा विसरणारे वर्गात हमखास असतात, तीही एक शक्यता धरा.

दुसरी शक्यता खरोखर अडवणारं काहीतरी क्रूडमध्ये असण्याची. ती अशी तपासा, थोडं क्रूड आणि थोडं शुद्ध केलेलं एकत्र करा. दोघांची बेरीज आली तर इनहिबिटर नाही, बेरजेपेक्षा कमी आलं तर आहे. पाच मिनिटांचा प्रयोग आहे आणि मुलांना कायमचा लक्षात राहतो.

आणि पेरॉक्सिडेज घेताय म्हणून एक इतिहास जरूर सांगा. जर्मनीत विलस्टेटर, 1915 चा नोबेल मिळालेला मोठा माणूस, त्याने पेरॉक्सिडेजच शुद्ध करत करत इतकं पातळ केलं की एन्झाइमचा अ‍ॅसे चालू होता पण त्या काळच्या चाचण्यांना प्रोटीन सापडेना. त्यावरून तो ठाम म्हणाला की एन्झाइम म्हणजे प्रोटीन नव्हेच. तिकडे अमेरिकेत समनर 1917 पासून जॅक बीनच्या दाण्यांमधल्या युरिएजमागे लागला होता, 1926 ला त्याचे स्फटिक मिळाले आणि ते प्रोटीनच निघाले, तरी विलस्टेटरच्या बाजूचे लोक बरीच वर्षं मानायला तयार नव्हते. समनरला नोबेल 1946 ला. मुलांना विचारा, विलस्टेटरचं मोजमाप कुठे अपुरं पडलं? त्यांना शेवटच्या फ्रॅक्शनमध्ये ब्रॅडफर्ड शून्य दाखवेल आणि ग्वायकॉल रंग देईल तेव्हा नेमका हाच प्रश्न त्यांच्यापुढे असणार आहे.

जेलच्या दिवशी एसडीएस-पेजबरोबर (प्रोटीन उलगडून आकाराप्रमाणे वेगळं करणारं जेल) एक साधं नेटिव्ह जेलही (प्रोटीन न उलगडणारं) लावा, न उकळता, आणि ते ग्वायकॉल-पेरॉक्साइडमध्ये बुडवा. जिथे एन्झाइम तिथे तपकिरी पट्टे उठतात, मडगावच्या मॅडम म्हणतात ती वेगवेगळी रूपं वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतात. मला तो गोंधळ वाटत नाही, शिकवण्यासारखी गोष्ट वाटते.

मडगाव_लॅब

सर, ते नेटिव्ह जेलचं मान्य, मीही लावीन.

नळीचं: मुळ्याच्या गटाला चालेल, ते 40 च्या वरचं प्रोटीन आहे. लायसोझाइमला नाही चालणार. 14.3 चं प्रोटीन आणि 12-14 चं भोक, रात्रभर ठेवलं तर बरंचसं बाहेरच्या बादलीत जाईल, कट-ऑफ म्हणजे काही भिंत नाही, त्या आकाराचा मोठा भाग अडतो एवढंच. 3.5 ची नळी मागवा किंवा त्या जी-25 वरूनच मीठ काढा, तुमच्याकडे तो कॉलम पहिल्या आठवड्यात भरलेला असणारच, शिवाय रात्रभर थांबावं लागत नाही आणि लाईट गेली तरी फरक पडत नाही.

प्रोटीन मोजताना सल्फेट बाकी असेल तर लोवरी (प्रोटीन मोजायची दुसरी चाचणी) करू नका, अमोनियम त्यात घोळ घालतं. ब्रॅडफर्डला थोडं चालतं. आणि जेलमध्ये प्रत्येक लेनला सारखे मायक्रोग्रॅम घाला, सारखे मायक्रोलिटर नाही, नाहीतर शेवटची लेन रिकामी दिसते आणि मुलं म्हणतात प्रोटीन संपलं.

पुढच्या वर्षी प्रोजेक्टला कोणी उत्साही मुलं मिळाली तर फणसाची भिकणां (आठळ्या) घ्या. त्यात जॅकलिन नावाचं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रोटीन) भरपूर असतं, गॅलॅक्टोजला चिकटतं, रक्तपेशींच्या गुठळ्या करतं आणि गॅलॅक्टोज घातलं की गुठळ्या होत नाहीत, त्यामुळे कंट्रोल फारच सुंदर मिळतो. आपल्याकडे घरोघरी भिकणां माती लावून पावसाळ्यासाठी ठेवतातच, म्हणजे सीझन संपला तरी सेमिस्टरला माल असतो. अ‍ॅफिनिटी कॉलम गवार गमचा करता येतो पण तो घट्ट करायला एपिक्लोरोहायड्रिन लागतं, ते विषारी आहे, फ्यूम हूडमध्ये शिक्षकांनीच करायचं. रक्तासाठी मुलांची बोटं टोचू नका, रक्तपेढीतून तपासलेलं रक्त रीतसर परवानगी घेऊन आणा. प्रोटोकॉल हवा असेल तर इथेच विचारा, मी टाईप करून टाकते.